परीक्षा, पराग आणि पंधरा-सोळाचं वय

इंग्लंडमध्ये मे महिना सरत आला की गवताला तुरे येतात. कुणी मुद्दाम लावलेलं नसतं ते. रस्त्याकडेचं, क्रिकेटच्या मैदानाबाहेरचं, शाळेच्या कुंपणापलीकडचं साधं गवत. त्यातून उडणारा पराग नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण जूनच्या सुरुवातीला तो हवेत भरून राहतो आणि लाखो माणसांची नाकं गळू लागतात, डोळे चुरचुरतात, डोकं जड होतं. तिथे या दुखण्याला ‘हे फीवर’ म्हणतात. नेमक्या याच दिवसांत तिथली पंधरा-सोळा वर्षांची मुलं शाळेच्या स्पोर्ट्स हॉलमध्ये सुट्या बाकांवर बसून जीसीएसई या शालान्त परीक्षेचे पेपर लिहीत असतात.

गवत आणि परीक्षा यांची ही गाठ कुणी ठरवून घातलेली नाही. पण २००७ साली सामन्था वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तपासून पाहायचं ठरवलं, आणि त्यांची युक्ती मला फार आवडली. इंग्लंडमधली मुलं खऱ्या परीक्षेआधी हिवाळ्यात सराव परीक्षा देतात, तिला तिथे ‘मॉक’ म्हणतात. हिवाळ्यात पराग नसतो, उन्हाळ्यात असतो. म्हणजे एकाच मुलाचे दोन निकाल निसर्गानेच वेगवेगळे करून ठेवलेले. सुमारे १८०० मुलांचे इंग्रजी, गणित आणि विज्ञानाचे दोन्ही निकाल त्यांनी समोरासमोर ठेवले आणि मॉकपेक्षा खऱ्या परीक्षेत श्रेणी कुणाची घसरली ते पाहिलं. परीक्षेच्या दिवशी ज्यांना हे फीवरचा त्रास होत होता, त्यांच्या बाबतीत घसरण्याचा संभव इतरांच्या १.४ पट निघाला. आणि ज्यांनी त्रास थांबावा म्हणून गुंगी आणणारी ॲलर्जीची गोळी घेतली होती, त्यांच्या बाबतीत १.७ पट.

म्हणजे गोळी घेऊन नाक थांबलं असेल, पण पेन मंदावलं. जुन्या पिढीतल्या ॲलर्जीच्या गोळ्या मेंदूपर्यंत पोचतात आणि झोप आणतात. सेटिरिझिन, लोराटाडिन यांसारख्या नव्या गोळ्यांनी गुंगी बरीच कमी येते. कुणाला कोणती सोसते हे डॉक्टरला किंवा फार्मसिस्टला विचारायला पाच मिनिटं लागतात, मात्र ती पाच मिनिटं एप्रिलमध्ये काढावी लागतात, पेपरच्या सकाळी नव्हे.

हा अभ्यास वाचल्यापासून या परीक्षेकडे पाहण्याची माझी नजर बदलली. कागदावर ती गणिताची, इतिहासाची, रसायनाची परीक्षा आहे. प्रत्यक्षात नाकाची, झोपेची आणि वेळापत्रकाचीही आहे. आईबापांनी मुलाला वर्तुळाची प्रमेयं शिकवावीत अशी अपेक्षा कुणाचीच नसते, आणि त्या वयाचं मूल शिकवूही देत नाही. पण पेपरच्या भोवती जे काही असतं ते बरंचसं घराच्या हातात आहे, आणि त्याचा निकालाशी संबंध मोजता येण्याइतका खरा आहे.

आधी ही परीक्षा म्हणजे काय प्रकरण आहे ते पाहू.

१८५८ च्या डिसेंबरात केंब्रिज विद्यापीठाने इंग्लंडमधल्या आठ शहरांत शाळकरी मुलांच्या परीक्षा पहिल्यांदा घेतल्या. परीक्षक विद्यापीठाचा झगा घालून आगगाडीने त्या त्या शहरात उतरत, आणि त्यांच्यासोबत प्रश्नपत्रिकांची कुलूपबंद पेटी असे. पुढच्याच वर्षी, १८५९ मध्ये, नव्याने स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाने आपली पहिली मॅट्रिक घेतली. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्या पहिल्या तुकडीतले. आपली दहावी आणि त्यांची जीसीएसई या एकाच काळात जन्मलेल्या परीक्षांच्या वंशातल्या आहेत. त्यामुळे एखादी पुण्याची आजी स्लावमधल्या किंवा हॅरोमधल्या नातवाची घालमेल फोनवरून लगेच ओळखते. फक्त मधल्या दीडशे वर्षांत दोन्ही घराण्यांच्या रीती फार वेगळ्या झाल्या.

इंग्लंडमध्ये १९५१ साली ‘ओ-लेव्हल’ आली. ती अभ्यासात पुढे असलेल्या थोड्या मुलांसाठी होती. उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांसाठी १९६५ मध्ये ‘सीएसई’ नावाची दुसरी परीक्षा निघाली. कोणतं मूल कोणत्या परीक्षेला बसणार हे शाळा आधीच ठरवून टाकी, आणि त्यासोबत पुढचं आयुष्यही बरंचसं ठरे. या दोन्ही एकत्र करून जीसीएसई आली, तिचा पहिला निकाल १९८८ चा. मुंबई-पुण्याच्या काही इंटरनॅशनल शाळांमध्ये जी ‘आयजीसीएसई’ चालते, ती तिचीच परदेशांसाठी काढलेली बहीण.

परीक्षा देणारी मुलं ‘ईयर इलेव्हन’मध्ये असतात. नाव अकरावीचं, वय आपल्या दहावीचं. आता पेपर मोजा. गणिताचे तीन, त्यातला एक कॅल्क्युलेटरविना. विज्ञान एकत्रित घेतलं तर सहा. इंग्रजी भाषेचे दोन, इंग्रजी साहित्याचे दोन. इथेच तेरा झाले, आणि ते जवळजवळ कुणालाच चुकत नाहीत. शिवाय इतिहास, भूगोल, फ्रेंच किंवा स्पॅनिश, एखादी कला किंवा कॉम्प्युटर सायन्स. फ्रेंच घेतलं तर ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं या चारांची वेगवेगळी परीक्षा. वीस-पंचवीस पेपर, मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पसरलेले, कधी सकाळी नऊला, कधी दुपारी दीडला, कधी एकाच दिवशी दोन. आपल्याकडे दहावीचे मुख्य पेपर नऊ. एकूण तीस तासांच्या वर चालणारं हे लेखन फार झालं, असं आता तिथल्या जाणकारांनाही वाटू लागलं आहे. प्राध्यापक बेकी फ्रान्सिस यांच्या समितीने २०२५ च्या नोव्हेंबरात परीक्षेचा वेळ किमान दहा टक्क्यांनी कमी करा अशी शिफारस केली.

हॉलमधला बंदोबस्त पाहून १८५८ ची ती कुलूपबंद पेटी आठवते. पाकीट उघडण्याआधी दोन माणसांनी त्यावरचा विषय, तारीख आणि वेळ तपासायची. दोन मुलांच्या खुर्च्यांमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत किमान सव्वा मीटर अंतर. पेन काळ्या शाईचंच, पाऊच पारदर्शक, पाण्याच्या बाटलीवरचं लेबल सोलून काढलेलं, मनगटावर घड्याळ नाही. दोन विषयांची वेळ एकच आली तर मुलाला दोन्ही पेपर पाठोपाठ द्यायला लावतात, आणि मधल्या वेळेत कुणाशी बोलणं होऊ नये म्हणून त्याच्यासोबत माणूस बसतो.

उत्तरपत्रिका गेल्यानंतरचा प्रवास मला जास्त थक्क करतो. एकट्या जीसीएसईत दर उन्हाळ्यात साठ लाखांच्या आसपास विषय-नोंदी होतात. तीन मोठी मंडळं हे काम वाटून घेतात: एक्यूए, पिअर्सन एडेक्सेल आणि ओसीआर. बहुतेक उत्तरपत्रिका स्कॅन होतात आणि त्यांचे तुकडे पडतात. तुमच्या मुलीच्या पेपरचा चौथा प्रश्न एक परीक्षक पाहतो, अकरावा दुसराच कुणीतरी. समोर कुणाचं उत्तर आहे, हे त्यांना कळत नाही. त्यांच्या पडद्यावर अधूनमधून अशी उत्तरं येतात, की ज्यांचे गुण वरिष्ठ परीक्षकांनी आधीच ठरवून ठेवलेले असतात. त्यातलं उत्तर कोणतं हे परीक्षकाला ओळखता येत नाही. त्याचे गुण ठरलेल्या गुणांपासून फार दूर जाऊ लागले की त्याचं काम थांबवतात. परीक्षा मुलांची, पण तपासणाऱ्याचीही रोज चालूच.

मग श्रेणी. २०१७ पासून इंग्लंडमध्ये जुन्या ए-बी-सीच्या जागी अंक आले आणि तेही उलटे: ९ सर्वांत वर, १ सर्वांत खाली. उद्या आणखी वरची पायरी लागली तर १० जोडता यावा, हे त्यामागचं एक कारण. ४ म्हणजे पास, ५ म्हणजे चांगला पास. वेल्सने मात्र अक्षरंच ठेवली, आणि स्कॉटलंडची परीक्षाच वेगळी. नव्या पद्धतीत ९ किती जणांना द्यायचा, यासाठी सुरुवातीला एक सूत्र वापरलं गेलं. विषयात ७ किंवा त्याहून वर किती टक्के मुलं आहेत ते पाहायचं, त्याचं निम्मं करायचं, त्यात ७ मिळवायचे. येईल तितके टक्के मुलांना ९, पण सगळ्यांतून नव्हे, त्या ७ च्या वरच्यांतून. वीस टक्के मुलं ७ च्या वर असतील तर त्यांच्यातल्या सतरा टक्क्यांना ९, म्हणजे एकूण शंभरात तीन-चार जण.

आपल्या पालकाला खरा धक्का बसतो तो पुढे. गणिताचा पेपर दोन पातळ्यांवर असतो. वरच्या पातळीवर ९ पर्यंत जाता येतं, खालच्या, म्हणजे ‘फाउंडेशन’ पातळीवर जास्तीत जास्त ५. वरच्या पातळीवर तिन्ही पेपर मिळून २४० गुण, आणि त्यात ४ ची श्रेणी मिळायला काही वर्षी पन्नासच्या आसपास गुण पुरले आहेत. एक पंचमांश! आपल्या पस्तीस टक्क्यांच्या सवयीला हे पटतच नाही. खालच्या पातळीवर त्याच ४ साठी २४० पैकी दीडशेच्या आसपास लागतात. दोन्हीकडची ४ सारखीच. पेपर कठीण असतो म्हणून उंबरठा खाली येतो. मुलाला कोणत्या पातळीवर बसवायचं हा निर्णय म्हणूनच मानापमानाचा नाही, हिशेबाचा आहे. पंचवीस टक्के गुणांवर वरच्या पेपरात चाचपडणारं मूल खालच्या पेपरात आत्मविश्वासाने ५ मिळवू शकतं. ‘आमचा मुलगा फाउंडेशनला बसतोय’ हे वाक्य आपल्याकडची मंडळी आवाज खाली आणून बोलतात, तेव्हा मला त्यांची नाही, मुलाची काळजी वाटते.

हे उंबरठे पेपर तपासून झाल्यानंतर ठरतात, आधी नाही. यंदाचा पेपर कठीण होता की यंदाची मुलंच कच्ची होती, हे कसं ओळखायचं? त्यासाठी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तीनशेहून अधिक शाळांमधल्या ईयर इलेव्हनच्या काही मुलांना गणिताची किंवा इंग्रजीची एक छोटी चाचणी देतात. प्रश्न दरवर्षी जवळपास तेच, आणि गुप्त. देणाऱ्या मुलाला तिचे गुण कधीच कळत नाहीत आणि त्याच्या निकालाशी त्यांचा संबंधही नसतो. त्यातून फक्त देशातली ही पिढी मागच्या पिढीच्या पुढे आहे की मागे, याचा अंदाज घेतला जातो. स्वतःला काही न मिळता सगळ्यांसाठी दिलेली अशी परीक्षा मी दुसरीकडे ऐकलेली नाही.

आता घरात येऊ.

अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली एक प्रयोग छापला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो चार बैठकांत पुन्हापुन्हा वाचला. काहींनी एकदाच वाचला आणि मग तीन वेळा उतारा बंद करून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे: ८३ टक्के, विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तर चित्र पालटलं. वाचणारे ४० वर आले आणि आठवून लिहिणारे ६१ वर राहिले. त्याहून मजेची गोष्ट म्हणजे, आपल्याला हे लक्षात राहील अशी जास्त खात्री वाटत होती ती वाचणाऱ्यांनाच.

रात्री अकराला मुलीच्या खोलीत डोकवावं तर तीन रंगांच्या मार्करनी पान रंगवून ती समाधानाने बसलेली दिसते. ते समाधान खोटं नाही, तिला ते आत्ता खरंच येतंय. पुढच्या गुरुवारी येणार नाही, इतकंच. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. रेघा मारणं आणि पुन्हा वाचणं तळाशी गेलं. वर राहिल्या दोन: स्वतःची परीक्षा घेणं, आणि अभ्यास दिवसांत वाटून करणं.

दुसरीचा शोध फार जुना आहे. १८८५ मध्ये हेर्मान एबिंगहाउस या जर्मन गृहस्थांनी स्मरणावर पुस्तक छापलं, आणि त्यातल्या सगळ्या प्रयोगांत पाठ करणारा माणूस एकच होता, ते स्वतः. अर्थ नसलेली अक्षरं जोडून ते याद्या पाठ करीत आणि ठरावीक वेळाने किती उरलं ते मोजीत. एका दिवसात बरंचसं वाहून जातं हे त्यांनीच आकड्यांनी दाखवलं. पण मला भावलेला आकडा वेगळा आहे. एकाच दिवशी ६८ वेळा उजळणी करून दुसऱ्या दिवशी जे हाती राहिलं, तेवढंच तीन दिवसांत विभागून केलेल्या ३८ उजळण्यांनी राहिलं. एकट्या माणसाने निव्वळ चिकाटीच्या जोरावर शोधलेली ही सूट आहे, जवळपास निम्म्या किमतीची, आणि सव्वाशेहून अधिक वर्षं झाली तरी मुलं पूर्ण किंमत मोजून आदल्या रात्री घोकत बसतात!

इथे आईबापांचा पहिला खरा उपयोग सुरू होतो, आणि त्याला विषय यावा लागत नाही. इंग्रजी साहित्याचं उदाहरण घ्या. पेपरला पुस्तक नेता येत नाही. एक्यूएच्या अभ्यासक्रमात पंधरा कवितांचा संच असतो. परीक्षेत एक कविता छापून येते आणि तिची तुलना दुसरीशी करायची असते, ती दुसरी मात्र डोक्यातूनच. या संचांपैकी एकात इम्तियाज धारकर यांची ‘टिश्यू’ ही कविता आहे. लाहोरला जन्मलेल्या, ग्लासगोत वाढलेल्या आणि मुंबईत अनेक वर्षं राहिलेल्या या कवयित्रीच्या कवितेवर इंग्लंडमधली असंख्य मुलं दरवर्षी घाम गाळतात, हे मुंबईकरांना फारसं ठाऊक नाही. तर, आईला त्या कवितेतलं ओ की ठो कळत नसलं तरी चालतं. तिने पुस्तक हातात धरायचं आणि विचारायचं, ‘यातल्या तीन ओळी सांग, आणि त्या का लक्षात ठेवल्यास ते सांग.’ तपासायला पुस्तक समोर आहेच. उलट आईला कळत नाही हे बरंच. समजावून सांगावं लागतं म्हणजे आठवावं लागतं, आणि आठवणं हाच अभ्यास.

मंडळांच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि त्यांचे गुणदान-तक्ते इंटरनेटवर फुकट मिळतात. बीबीसीचं ‘बाइटसाइज’ १९९८ पासून याच मुलांसाठी चालू आहे. महागडी शिकवणी लावण्याआधी एवढं वापरून झालं आहे का, हे एकदा पाहावं. गुणदान-तक्ता वाचायला शिकलेलं मूल चार गुणांच्या प्रश्नाला चार मुद्दे लिहितं, पानभर निबंध नाही, आणि माझ्या मते शेवटच्या दोन महिन्यांत याहून स्वस्त सुधारणा दुसरी नाही.

झोपेचा प्रश्न आपल्या घरांत जरा नाजूक होतो, कारण तिथे आपले वाडवडील मध्ये येतात. पहाटे उठून केलेला अभ्यास डोक्यात राहतो ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा. ब्राह्ममुहूर्ताविरुद्ध बोलण्याची माझी छाती नाही, पण पंधरा-सोळा वर्षांच्या शरीराला तो मान्य नसतो. ब्राउन विद्यापीठाच्या मेरी कार्सकेडन यांनी अनेक वर्षं पौगंडावस्थेतल्या मुलांची झोप अभ्यासली. झोपेची वेळ झाली असं शरीराला सांगणारं मेलाटोनिन या वयात उशिरा स्रवू लागतं. मूल अकराला जागं असतं ते दर वेळी हट्टाने किंवा फोनमुळे नव्हे, फोन त्यात भर घालतो हे खरं. म्युनिकच्या टिल रोनेबर्ग यांनी २००४ साली सुमारे पंचवीस हजार लोकांच्या झोपेच्या वेळा मांडल्या. मुलं मोठी होतात तशी त्यांची झोप पुढे पुढे सरकत जाते, मुलींची एकोणीस-साडेएकोणीसपर्यंत, मुलांची एकविसाच्या जवळपास. मग ती अचानक वळते आणि आयुष्यभर मागे येत राहते. पौगंडावस्था कधी संपते, याची खूण म्हणून त्यांनी हे वळणच सुचवलं.

या वयात आठ ते दहा तास झोप लागते. पेपर नऊला असेल तर उठायचं सातला, म्हणजे हिशेब उघड आहे. आणि झोपेचे तास अभ्यासातून वजा होतात, हेही खरं नाही. १९२४ साली कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेतच झोपवून हे तपासलं. पाठ केल्यावर झोपलेल्याला, तितकाच वेळ जागं राहिलेल्यापेक्षा जास्त आठवतं. नंतरच्या संशोधनाने यात बरीच भर घातली, दिवसभराच्या आठवणी झोपेत मेंदूत पुन्हा चाळवल्या जातात हे दिसलं. पेपरच्या आदल्या रात्री दोनपर्यंत जागवणारं घर मुलाच्या हातून आधीच झालेलं काम काढून घेत असतं.

आता या सगळ्यातला मला सर्वांत नवलाचा वाटलेला प्रयोग. ब्रिस्टल आणि हार्वर्ड विद्यापीठांतल्या संशोधकांनी इंग्लंडमधल्या ३६ माध्यमिक शाळांमध्ये, सुमारे १५,७०० मुलांच्या पालकांच्या बाबतीत तो केला. २०१६ मध्ये अहवाल आला. पालकांना काय दिलं? शिकवणी नाही, पुस्तकं नाहीत, व्याख्यानं नाहीत. मोबाइलवर मेसेज. ‘पुढच्या आठवड्यात गणिताची चाचणी आहे.’ ‘गृहपाठ आलेला नाही.’ ‘आज विज्ञानात अमुक शिकवलं.’ एवढंच. वर्षाअखेर या मुलांची गणितातली प्रगती इतरांपेक्षा सुमारे एक महिना पुढे निघाली आणि गैरहजेरी थोडी कमी झाली. इंग्रजी आणि विज्ञानात तसा ठळक फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. खर्च मात्र मुलामागे वर्षाला सहा पौंडांच्या आसपास.

एक महिना म्हणजे फार नाही. पण तो कशाने मिळाला ते पाहा. पालकाला गणित आलं म्हणून नव्हे, चाचणी कधी आहे हे कळलं म्हणून. या वयातल्या मुलांच्या घरात ‘आज शाळेत काय झालं?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ हे ठरलेलं उत्तर असतं. तारीख माहीत असलेली आई ‘काही नाही’पाशी अडत नाही. ती विचारते, ‘मंगळवारी केमिस्ट्रीचं काय?’ यात पहारा फारसा नाही. आपल्या आयुष्यात काय चाललंय याकडे घराचं लक्ष आहे, एवढंच मुलाला कळतं. म्हणून मी म्हणतो, सगळ्या पेपरांची तारीख-वेळ एका कागदावर उतरवून फ्रिजवर लावा. सल्ला किरकोळ वाटेल, पण पंचवीस पेपरांच्या या परीक्षेत त्याच्याइतकी किंमत घरातल्या दुसऱ्या कुठल्याच कागदाला नसते.

काही मुलांना मदतीची वेगळी सोय लागते. वाचनदोष, एकाग्रतेची अडचण, हाताची दुखापत असेल तर पंचवीस टक्के जादा वेळ, लेखनिक किंवा कॉम्प्युटरवर लिहिण्याची मुभा मिळू शकते. पण त्यासाठी गरजेचा पुरावा शाळेकडे असावा लागतो, आणि मदत ही त्या मुलाची वर्गातली नेहमीची रीत आहे हेही दिसावं लागतं. मे महिन्यात जागं होऊन उपयोग नाही, ईयर टेन किंवा फार तर ईयर इलेव्हनच्या सुरुवातीलाच बोलून ठेवावं.

आणि नाहीच जमलं तर? एकूण निकालांपैकी साधारण दोन तृतीयांश ४ किंवा वर असतात. इंग्रजी किंवा गणितात ४ न मिळालेल्यांना पुढच्या शिक्षणासोबत तो विषय चालू ठेवावा लागतो आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा बसता येतं. या फेरपरीक्षांचा अनुभव मात्र उदास आहे. सतराव्या वर्षी पुन्हा बसणाऱ्यांपैकी बहुतेकांना दुसऱ्यांदाही ४ मिळत नाही. म्हणूनच पहिल्या खेपेला, त्या मधल्या फळीतल्या मुलांसाठी, ३ आणि ४ मधली एक पायरी ही ८ आणि ९ मधल्या पायरीपेक्षा कितीतरी मोलाची आहे. आपल्या लोकांचं सगळं लक्ष मात्र ९ कडे असतं.

निकाल ऑगस्टच्या शेवटाकडच्या एका गुरुवारी लागतो. मुलं शाळेत जाऊन कागद घेतात, आणि तोवर भारतातली दुपार झालेली असते, म्हणून फोन सुरू होतात. तेव्हा काका-मावशी, आजी-आजोबा, एक विनंती आहे. ‘किती टक्के?’ असं विचारू नका. जीसीएसईत विषयांची बेरीज होत नाही, टक्केवारी काढली जात नाही, गुणवत्ता यादी नसते. त्या कागदावर फक्त सुटे अंक असतात, विषयागणिक एक. पुढची दोन वर्षं ते मूल बहुधा तीनच विषय शिकणार असतं, तेही स्वतः निवडलेले. ते कोणते घेतले, हे विचारा.